विषम तारखेची बोट

लुआनआजीच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक जाडजूड कॅलेंडर टांगलेलं असे, रोज एक पान फाडायचं. त्यावर मोठ्या आकड्यात सरकारी तारीख आणि खाली बारीक अक्षरांत चंद्राची तिथी. किनमेन बेटावर असं कॅलेंडर घरोघर असतं. बाकीचे लोक तिथी बघतात, सणवार आणि भरती-ओहोटी चुकू नये म्हणून. आजी आधी मोठा आकडा बघायची. तो सम असला की दिवस सुरू. विषम असला की ती दारात बसून कालवं फोडायची, कोंबड्यांना दाणे टाकायची, पण उंबऱ्यापासून फार लांब जायची नाही. बोटीत बसणं, लग्न ठरवणं, डॉक्टरकडे जाणं, सगळं सम तारखेला. दाढ ठणकली तरी दाढेनं एक दिवस थांबावं अशी तिची अपेक्षा असे.

गावातली पोरं हसत. म्हातारी माणसं हसत नसत. त्यांना आठवत होतं.

बेट तैपेईच्या ताब्यातलं, समोरचा किनारा बीजिंगच्या. त्या पलीकडच्या किनाऱ्यावरून तोफा सुरू झाल्या तेव्हा लुआन सतरा वर्षांची होती. पहिल्या महिन्यांत तर आभाळच कोसळत होतं. मग पलीकडच्यांनी जाहीर केलं की आम्ही विषम तारखेला मारू, सम तारखेला नाही मारणार. जगात दुसरं कुठे अशी लढाई झाली असेल असं वाटत नाही. वीस वर्षं हे चाललं. लोक सम तारखेला कपडे धूत, मेलेल्यांना पुरत, नव्या नवऱ्या घरात आणत. पुढेपुढे त्या गोळ्यांमध्ये दारू नसायची, नुसती पत्रकं भरलेली असायची, पण लोखंडाचा तो डबा डोक्यात पडला तर माणूस पत्रक वाचायला उरत नाही.

लुआनची आई अडाणी. तिला चंद्र कळायचा, सरकारी तारीख कळायची नाही. लुआन तेव्हा सैन्यानं चालवलेल्या साक्षरता वर्गात जेमतेम दोन महिने बसून आली होती, म्हणून घरात तीच शिकलेली. एका संध्याकाळी उधाणाची ओहोटी लागली होती, खाजणात उभ्या केलेल्या दगडी खांबांवर कालवं लगडली होती. आईनं विचारलं, आज कितवी गं? लुआन चुलीपाशी होती. तिनं मनात मोजलं, पंधराव्या तिथीची पौर्णिमा आदल्या दिवशीच होऊन गेलेली. ती म्हणाली, "सोळावी. सम आहे, जा." सोळावी चंद्राची होती. सरकारी तारीख विषम होती. आई टोपली घेऊन गेली आणि अंधार पडायच्या आत लोकांनी तिला चादरीत घालून आणलं.

यावर लुआन कधी फारसं बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून भिंतीवर मोठ्या आकड्याचं कॅलेंडर आलं आणि ते कधी उतरलं नाही. तोफा थांबल्या, दोन्हीकडचे प्रचाराचे भोंगे थांबले, पलीकडचे पर्यटक येऊन त्याच गोळ्यांच्या पोलादाचे सुरे विकत घेऊन जाऊ लागले, तरी आजीचा हिशेब तोच राहिला.

घरात आता ती आणि तिची सून, लियेन. मुलगा तैपेईत कारखान्यात कामाला, नव्या वर्षाला घरी येई. लियेन पलीकडच्या किनाऱ्यावरची. अशा सुना आमच्या बेटावर पुष्कळ आहेत. आकाशात विमानं घरघरली की आजी वर बघून म्हणे, "तुझ्या माहेरच्यांना सांग, कपडे वाळत घातलेत." लियेन टोपली सरकवत म्हणे, "तुमच्या ताईचं सासरही तिकडेच आहे, आई. तुम्हीच सांगा." नळाला पाणीही आता समुद्राखालच्या नळातून तिकडूनच येतं. बंदुका इकडच्या, पाणी तिकडचं आणि सूनही तिकडची, अशा घरात भांडण तरी किती ताणणार? दोघी एकाच टोपलीतली कालवं फोडत.

तैपेईहून, परदेशातून बातमीदार येत. त्यांना आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या फार आवडत. माईक पुढे करून विचारत, आजी, युद्धाची भीती वाटते का? आजी म्हणे, "वाटते ना. पण विषम तारखेला." ते हसत आणि लिहून घेत. तिनं विनोद केला असं त्यांना वाटे.

लुआनची ताई, गिओक, तिच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. लुआन आठ वर्षांची असताना एका सकाळी गिओक काकांबरोबर होडीतून कालवं विकायला शियामेनच्या बाजारात गेली. नेहमीचं जाणं होतं, दुपारी परत यायची. दुपारी पलीकडे सत्ता बदलली आणि होड्या बंद झाल्या. समुद्र एवढासाच, पलीकडच्या इमारतींच्या खिडक्या मोजता येतील इतका. तो पार व्हायला बावन्न वर्षं लागली. आई जिवंत होती तोवर रोज संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन पलीकडच्या भोंग्यातून बोलणाऱ्या बाईचा आवाज ऐकत बसायची. ती बाई शरण या, शरण या म्हणायची. आईला वाटायचं, ही आपली गिओक तर नसेल? शब्दांशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

मग बोट सुरू झाली. अर्ध्या तासाचा प्रवास. लुआन साठीची, गिओक सदुसष्टची. धक्क्यावर आसपासची माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. गिओकनं बहिणीला खालीवर न्याहाळलं आणि म्हणाली, "बुटकीच राहिलीस." लुआन म्हणाली, "तू उंच होऊन काय मिळवलंस?" मग दोघी गिओकच्या घरी जाऊन एका टोपलीशी बसल्या. गिओकचा कालवं फोडायचा हात आईसारखाच होता, मनगटाला जरा आत झटका देऊन. ते बघितलं आणि तेव्हा कुठे लुआनला रडू फुटलं. आईचं कसं झालं ते तिनं त्या दिवशी ताईला सांगितलं. साक्षरता वर्ग, चुलीपाशी उभं राहणं, सगळं. गिओकनं हातातलं कालव फोडून वाडग्यात टाकलं. मग म्हणाली, "मग तू येताना समच बघून येत जा." एवढंच. लुआनला त्या एका वाक्यानं जेवढं हलकं वाटलं तेवढं देवळात नवस फेडूनही वाटलं नव्हतं.

त्यानंतर दर वर्षी दोन-तीनदा, सम तारखेला. पुढे साथ आली आणि बोट बंद पडली ती तीन वर्षं. परत सुरू झाली तेव्हा गिओक अंथरुणाला खिळली होती. लुआनआजी दोनदा जाऊन आली. दुसऱ्या खेपेला गिओकनं तिला ओळखायला वेळ लावला, पण ओळखलं. निघताना हात घट्ट धरून म्हणाली, "माझ्या अखेरीला तू हवीस. आईच्या वेळी मी नव्हते. माझ्या वेळी कुणीतरी आपलं असू दे." आजीनं शब्द दिला. तेव्हापासून आजीला दुसरं काही नको होतं. तो शब्द पाळायचा आणि मग आपलं काय व्हायचं ते होवो.

वसंतात एका सकाळी खेंगचा फोन आला. खेंग म्हणजे गिओकचा मुलगा, पोस्टातून निवृत्त झालेला सरळ माणूस. तो म्हणाला, मावशी, आईनं अन्न सोडलंय. फक्त एकच म्हणते, आपल्या दगडावरच्या कालवांची पेज हवी. इकडची आणून दिली तर तोंड फिरवते. येता आलं तर या.

टोपलीत सकाळचीच कालवं होती. लियेननं हात पुसले, पिशवी काढली. दुपारची बोट मिळेल म्हणाली. आजी भिंतीकडे बघत उभी होती.

"आज एकतीस आहे," आजी म्हणाली.

"मग उद्या पहिल्या बोटीनं जाऊ."

"उद्या एक."

लियेननंही कॅलेंडरकडे पाहिलं. एकतीस दिवसांचा महिना संपला की विषमाला लागून विषमच येतं, हे तोफांच्या काळातही सगळ्यांत वाईट असायचं. दोन दिवस मारा, लागोपाठ.

लियेन म्हणाली, मी एकटी नेते पेज, तुम्ही परवा या. आजीनं पिशवी तिच्या हातातून घेतली आणि कडीला अडकवली.

"माझ्या घरातलं एक माणूस मी विषम तारखेला पाठवलं होतं," ती म्हणाली. "दुसरं नाही पाठवणार."

"आई, तोफा थांबून किती वर्षं झाली."

"मला माहीत आहे. माझ्या पायांना माहीत नाही."

त्यावर लियेननं वाद घातला नाही. पुढे तिला वाटत राहिलं की घालायला हवा होता, ओढत न्यायला हवं होतं. पण सासू कडीला अडकवलेल्या पिशवीखाली दारातच बसली होती. खेंगला फोन करून त्यांनी सांगितलं, दोन तारखेला येतो.

एकतीसची बोट गेली. एकची बोट गेली. आजी दोन्ही दिवस दारात बसून होती, तिथून बोटीचा भोंगा ऐकू येतो.

दोन तारखेला उजाडायच्या आधी आजीनं पेज रटरटत ठेवली, आलं घातलं, डबा टॉवेलात गुंडाळला. धक्क्यावर पोचल्या तर तिकिटाची खिडकी बंद. खाडीच्या तोंडाशी दोन्हीकडच्या पहाऱ्याच्या नौका एकमेकींसमोर नाक लावून उभ्या होत्या. एका मासेमारी होडीवरून सुरू झालं म्हणे. इकडचे म्हणत त्यांनी सुरुवात केली, तिकडचे म्हणत यांनी. तैपेईहून एक निवेदन, बीजिंगहून एक निवेदन, शिवाय आणखी लांबच्या कुठल्याशा राजधानीनंही काळजी व्यक्त केली होती. धक्क्यावरचा माणूस आजीला ओळखत होता. तो हळू आवाजात म्हणाला, "आजी, आज नाही. कधी ते वरून कळेल."

"वरून म्हणजे कुठून?" आजीनं विचारलं.

त्यानं खांदे उडवले. त्यालाही ते कुणी सांगितलं नव्हतं.

आजी बाकावर बसून राहिली. पलीकडे शियामेनच्या उंच इमारती उन्हात चकाकत होत्या. त्यातल्या कुठल्या बाजूला ताईचं घर ते तिला बोट दाखवून सांगता आलं असतं. संध्याकाळपर्यंत पेज आंबली. लियेननं डबा समुद्रात रिकामा केला, तेव्हा आजी फक्त म्हणाली, नीट धू, वास राहतो.

दुसऱ्या दिवशी, तीन तारखेला, गिओक गेली.

बोट सुरू झाली ती सातव्या दिवसाच्या विधीलाच. लियेननं सकाळी कॅलेंडरचं पान फाडलं आणि खालचा आकडा बघून हात तसाच धरून ठेवला.

"आज नऊ आहे, आई."

"दिसतंय," आजी म्हणाली आणि चपला शोधू लागली.

आयुष्यात पहिल्यांदा लुआनआजी विषम तारखेला समुद्रावर होती. तिनं समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. पाणी तेलासारखं सपाट होतं. मागच्या बाकावर कुणीतरी शेंगा सोलत होतं. अर्ध्या तासात शियामेन आलं आणि काहीसुद्धा झालं नाही. लियेन म्हणते, तोफेचा गोळा पडला असता तर बरं असं आईच्या तोंडावर दिसत होतं.

घरी ताईचा फोटो, उदबत्त्या, फळं. आजीनं ताजी पेज वाडग्यात काढून फोटोपुढे ठेवली, वर चमचा ठेवला. खेंग शेजारी येऊन बसला. आजीनं जे विचारायचं ते विचारलं. ती माझी वाट बघत होती का?

खेंगनं एक कललेली उदबत्ती सरळ केली. मग म्हणाला, "एकतीसला मी म्हटलं, मावशीला फोन केलाय. तर म्हणाली, आज नाही यायची, विषम आहे. एकलाही तेच. आम्हाला वाटलं भ्रमात बोलतेय." त्यानं दाराकडे पाहिलं. "दोनला सकाळी मात्र म्हणाली, मला बसवा, केस विंचरा, दार उघडं ठेवा. ती येईल आज."

"मग?"

"दिवसभर दार उघडंच होतं, मावशी."

वाडग्यातून वाफ येत होती. लियेननं सासूच्या पाठीवर हात ठेवला. आजीनं तो झटकला नाही. पेजेवर साय धरू लागली तशी तिनं पुढे वाकून चमचा उचलला, साय बाजूला केली, आणि गरम आहे म्हणून हळूहळू फुंकर घालत राहिली.