जाधवबाईंचा पाठ

जाधवबाई वर्गात कधी खुर्चीवर बसल्या नाहीत. वीस वर्षांत त्यांच्या खुर्चीवर मुलांच्या पाट्या असत, ओल्या छत्र्या असत आणि एकदा तर ताप आलेली एक मुलगी शाळा सुटेपर्यंत तिथे झोपली होती. मी परळच्या त्या म्युनिसिपल शाळेत रुजू झाले, त्या दिवशी त्यांना उभं राहून शिकवताना दाराबाहेरून पाहिलं. तिसरीच्या वर्गात घड्याळ शिकवायचं होतं आणि त्यांच्या हातात घड्याळच नव्हतं. त्या विचारत होत्या, "तुझे बाबा कुठल्या भोंग्याला निघतात? पहिल्या की दुसऱ्या? मग तुझी आई त्याच्या किती आधी उठत असेल?" गिरण्यांचे भोंगे त्या मुलांना आईच्या हाकेसारखे पाठ होते. पंधरा मिनिटांत सगळा वर्ग तास आणि अर्ध्या तासाच्या हिशेबात बोलू लागला.

मी गिरगावची, वीस वर्षांची, आणि नुकतंच ट्रेनिंग पूर्ण करून प्रमाणपत्र घेऊन आलेली. त्या वर्षी वरून हुकूम आला की ज्या शिक्षकांचं ट्रेनिंग झालेलं नाही त्यांनी परीक्षा द्यावी, नाहीतर नोकरी कायम राहणार नाही. जाधवबाई सातवीची फायनल देऊन थेट नोकरीला लागलेल्या होत्या. मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "देसाई, तुमचं शिक्षण ताजं आहे. जाधवबाईंची तयारी तुम्ही करून घ्या."

मला फार संकोच वाटला. बाईंना अजिबात वाटला नाही. दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधी दीड तास त्या वही घेऊन हजर. "बोला देसाईबाई, कुठून सुरुवात?" म्हणून समोर बसल्या. मी माझ्या वहीतून वाचून दाखवलं की मुलाला जे ठाऊक आहे तिथून सुरुवात करून जे ठाऊक नाही तिथे न्यावं. मग भोंग्यांच्या पाठाची आठवण करून दिली. बाई म्हणाल्या, "म्हणजे याला पुस्तकात नाव आहे होय? बरं झालं, कळलं."

पाठाचं टाचण मात्र त्यांना छळत असे. हेतू, साहित्य, प्रस्तावना, विवेचन, उजळणी, असे रकाने पाडून पाठाआधीच सगळं लिहून ठेवायचं. "मूल काय विचारेल ते आधी कसं लिहू?" त्या म्हणायच्या आणि तरी लिहायच्या, वळणदार अक्षरात, एकेक टाचण तीन-तीनदा. एखादं मूल चुकलं की मी कपाळाला आठ्या घाले. त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "त्याला येत नाही असं नसतं बाई. आपल्याला अजून सांगता आलेलं नसतं."

एकदा त्या मला वरळीच्या बीडीडी चाळीत घरी घेऊन गेल्या. त्यांचं घर नुकतंच बौद्ध झालं होतं. त्यांच्या सुनेने चहा आणला आणि माझा हात क्षणभर अडखळला. आमच्या घरी शिकवलेलं अंगातून इतक्या लवकर निघत नव्हतं. बाईंनी ते पाहिलं. त्या वही उघडून पुढचा प्रश्न काढू लागल्या. मी चहा प्यायले, पण त्या क्षणाची लाज मला आजही वाटते.

परीक्षेचा पाठ आमच्याच शाळेत व्हायचा होता. विषय मिळाला भूगोलाचा, 'आपले राज्य'. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. लालबाग-परळ भागात मोर्चे निघत होते, त्या आठवड्यात लाठीमारही झाला होता. वर्गात निम्मीच मुलं आली होती. परीक्षक मागच्या बाकावर, हातात बाईंचं टाचण. नकाशे लावायला म्हणून मीही कोपऱ्यात उभी होते.

पाठ छान चालला होता. बाईंनी द्विभाषिक मुंबई राज्याची हद्द दाखवली, नद्या दाखवल्या. तेवढ्यात शेवंता नावाची मुलगी उभी राहिली. तिचे वडील मोर्चात गेले होते आणि पाय मोडून घरी पडले होते.

"बाई, मुंबई आपल्याच राज्यात आहे ना? मग माझ्या बाबांना का मारलं?"

परीक्षकांनी टाचणातून मान वर केली. बाईंची नोकरी त्या कागदावर टेकली होती, आणि मी मनात म्हणत होते, बाई, पुढे चला. त्यांनी हातातली छडी टेबलावर ठेवली.

"तुझे बाबा काय मागत होते, ठाऊक आहे तुला?"

"हो. मुंबईसह महाराष्ट्र."

"ये. नकाशावर दाखव."

शेवंताने बोटाने हद्द काढली, थोडी वाकडी, पण काढली. बाई म्हणाल्या, "आजचा नकाशा पुस्तकात आहे तसा. परीक्षेत तसाच काढायचा. पण नकाशे माणसं काढतात, आणि बदलतातही. तुझ्या बाबांना का मारलं, त्याचं मला पटेल असं उत्तर माझ्याजवळ नाही. खोटं उत्तर मी देणार नाही." मग छडी उचलून त्या पुन्हा नद्यांकडे वळल्या.

पाठ संपल्यावर परीक्षक म्हणाले, "हे तुमच्या टाचणात नाही."

"मुलांनी टाचण वाचलेलं नसतं, साहेब."

ते माणूस म्हणून वाईट नव्हते. आवाज खाली आणून म्हणाले, "बाकी पाठ उत्तम आहे. 'तो प्रश्न विषयाला सोडून होता, मी मुलीला खाली बसवायला हवं होतं,' एवढं तुम्ही लिहून द्या. मी पास करतो."

"तसं लिहिलं तर मला उद्या तिला बसवावं लागेल," बाई म्हणाल्या. "ते व्हायचं नाही."

त्या नापास झाल्या. निकालाच्या दिवशी मी रडले, त्या नाही. "पुढच्या वर्षी पुन्हा बसू. तोवर शिकवायचं काही थांबत नाही," म्हणून त्या वर्गावर गेल्या. हंगामी म्हणून आणखी वर्ष काढलं, पुन्हा तीन-तीनदा टाचणं लिहिली आणि दुसऱ्या खेपेला पहिल्या वर्गात पास झाल्या. पुढे नव्या शिक्षकांसाठी सकाळचे वर्ग निघाले तेव्हा शिकवायला त्यांनाच बोलावलं. मी माझं प्रमाणपत्र घरी ठेवून त्या वर्गात पहिल्या बाकावर बसू लागले.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्या आजारी पडल्या. इस्पितळात भेटायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "उद्या काय शिकवणार?" मी अपूर्णांक म्हटलं. पहिल्यांदाच मला 'तू' म्हणत त्या म्हणाल्या, "तो पाठ घे इथेच. मी ऐकते." मी शिकवू लागले. पलंगामागच्या भिंतीवर फळा आहे असं समजून बोटाने आकडे काढत होते. बाईंनी डोळे मिटले होते. मला वाटलं, झोप लागली.

"आकडे काढतेस तेव्हा भिंतीशी बोलतेस तू," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "मुलं मागे असतात. वळ."

मी वळले, आणि तो पाठ पुन्हा पहिल्यापासून घेतला. तो त्यांनी शेवटपर्यंत ऐकला.