मोळीच्या उंचीची कमान

ओळखीच्या एका चित्रकारांनी जंगलाचं चित्र माझ्या दुकानात फ्रेम करायला आणलं. मधून पायवाट आणि तिच्यावर फांद्यांची देखणी कमान. "अशी कमान निसर्गच करू जाणे," ते म्हणाले.

दुकानात बसलेली माझी आई चष्मा सावरत बघत राहिली. "साहेब, ही आमच्या गावची वाट. डोक्यावरच्या मोळ्या घासून घासून फांद्या तेवढ्या उंचीपर्यंत मोडल्यात."

"हो आजी, मोळीवाल्या बायका भेटायच्या तिथे. पण माणसं रंगवली की रानाची शांतता जाते."

त्याच मोळ्या विकून आईने मला वाढवलं. चौकटीच्या पट्टीत सुताएवढा फरक निघाला तरी वखारवाल्याशी भांडणारा मी. आता या माणसाला दुकानाबाहेर काढावं, असं वाटायला हवं होतं. पण रागच येईना. रानातली प्रत्येक वाट कुणाच्या तरी पायांनी पडलेली असते, एवढंच सुचलं. मी चित्राचं माप घेऊ लागलो.

आई मात्र शांतपणे म्हणाली, "बरं केलंत साहेब. आम्हा बायकांना चित्रात घेतलं असतं, तर मोळी कधी खाली ठेवताच आली नसती."