पंगतीत उभा राहिलेला भाऊ

काल चुलत भावाच्या मुलीच्या साखरपुड्याची पंगत बसली. सगळे पुरुष पटापट मांडी घालून बसले आणि माझा धाकटा भाऊ दत्ता भिंतीपाशी उभाच राहिला. तीन वाढलेल्या पत्रावळींपाशी कोणी बसलं नव्हतं.

दत्ता परदेशात आपल्या देशाचा राजदूत आहे. तिकडच्या मेजवानीत कोण कुठे बसणार हे आधीच ठरतं, ताटापुढे नावाची चिठ्ठी असते, असं त्यानेच मला सांगितलं होतं. जागा चुकली तर दोन देशांत रुसवा येतो म्हणे. इतकी वर्षं कोणीतरी जागा दाखवत आलं, की आपण होऊन बसायची सवय मोडत असेल.

"काय साहेब, गुडघे वाकत नाहीत वाटतं?" शाळेत त्याच्या वर्गात असलेला बाळू ओरडला. सगळे हसले. दत्ताही हसला, पण बसला नाही. पुढच्या वर्षी निवृत्त झालो की गावातच राहीन, असं तो परवाच मला म्हणाला होता. आता त्याचं तोंड बघून वाटलं, हा काही राहत नाही.

चार माणसांत मला बोलता येत नाही. मी पाणी वाढत होते. बाळूशेजारच्या रिकाम्या जागेपाशी मी पेला ठेवला, भरला आणि दत्ताकडे पाहिलं. तो येऊन बसला.

बाळूने लगेच दत्ताच्या पानातलं भजं उचललं. "तुला आता तिखट सोसायचं नाही."

"ठेव ते खाली, बाळ्या," दत्ता म्हणाला.