अप्पांनी भरवलेला घास

जुईला भरवता भरवता वृंदाचेच डोळे मिटू लागतात. चार वर्षांची ही पोर तोंड घट्ट मिटून बसली की बसली. चिऊचा घास झाला, माऊचा झाला, मोबाइल दाखवून झाला. कालच डॉक्टरांनी वजन घटल्याचं सांगितलंय आणि तेव्हापासून वृंदाच्या जिवाला घोर लागलाय. दुपारच्या उकाड्यात ताटली खाली ठेवून ती जरा भिंतीला टेकते.

भिंत मागे सरकते. स्वयंपाकघराचा ओटा लांबत जातो आणि त्याचा चिपळूणच्या एसटी स्टँडवरचा बाक होतो. बाकावर अप्पा बसलेत, वृंदाचे वडील. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, पण मांडीवर डबा घेऊन असे निवांत बसलेत, की गाडीला उशीर झालाय एवढंच.

“अप्पा, पोरगी खात नाही हो.” वृंदाला रडूच येतं.

“आणि तू?”

“मी खाते की. तिचं झाल्यावर, ओट्याशी उभ्या उभ्या.”

“म्हणजे तिनं तुला जेवताना बघितलेलंच नाही. घास घेऊन मागे लागलेली आई तेवढी बघते. मीसुद्धा पळालो असतो.”

इतक्या दिवसांनी भेटायचं आणि वर थट्टा करायची! वृंदा फुरंगटते. “मग तुम्ही मला कसं भरवायचात?”

“भरवायचो कुठे? मी आपला जेवायला बसायचो. तूच येऊन माझ्या ताटात हात घालायचीस.”

गाडी येते. तिचं दार उघडतं ते थेट मुलांच्या दवाखान्यात. अप्पा डबा सांभाळत वजनकाट्यावर चढतात. काटा शून्यावरून हलत नाही.

“बघ, माझं किती घटलंय,” ते म्हणतात, आणि वृंदाला रडता रडता हसू फुटतं. किती आवडायचा तिला हा माणूस.

“आ कर,” अप्पा म्हणतात.

ती आ करते. मऊ, खारट, तुपाळ घास. आपल्याला एवढी भूक लागली होती हे तिला आत्ता कळतं. थांबा ना, असं म्हणायचंय, पण तोंड भरलेलं आहे.

डोळे उघडतात तरी तोंड भरलेलंच असतं. समोर जुई मनगटापर्यंत माखलेली.

“हा तुझा झाला. आता माझा,” असं म्हणत ती स्वतःच्या तोंडात एक घास कोंबते, चावते आणि गिळते.

वृंदा हनुवटीला चिकटलेलं शीत बोटानं टिपून तोंडात टाकते आणि पुन्हा आ करते.