बोडीतली आंधळी मासोळी

माझी बहीण माझ्याशी पाऊणशे वर्षं खोटं बोलली.

आज तिला जाऊन वर्ष झालं. माझा राग अजून गेलेला नाही. मी बोलतोय, नात मोबाईलवर टाईप करून राहिली आहे.

स्वातंत्र्याच्या आदल्या उन्हाळ्यात चिचगडकडच्या एका गुहेतल्या डबक्यात मला पांढुरक्या मासोळ्या सापडल्या.
डोळेच नाहीत! डोळ्यांच्या जागी नुसती चामडी.

शाळेत सांगितलं, तर मास्तर म्हणाले, "फेकू नको. आणून दाखव."

पाच मासोळ्या पाणी भरलेल्या पितळी गुंडात घालून पायी घरी आणल्या. सकाळी उठतो तर गुंड रिकामा.

"रांधली मी," बाई म्हणाली. मोठ्या बहिणीला आम्ही बाईच म्हणायचो.

"काऊन रांधली?"

"मासोळीले रांधत नाई त काय पूजतेत?"

मास्तरांनी अख्ख्या वर्गापुढे मला लबाड म्हटलं. शाळा संपेपर्यंत तेच नाव चिकटून राहिलं.
माझं प्रूफ बाईच्या रश्श्यात!

पुढे मी बायॉलॉजी शिकवली. दर दिवाळीला तिच्यावर चिडायचो, "अगं, आपल्या शेतातल्या बोडीत तरी सोडायची! त्या तळ्यातल्या मासोळ्यांशी जुळून पिल्लं डोळस झाली असती, पण नातवंडांत एखादं आंधळं निघालं असतं. जीन लपून राहतो, बाई. जात नाही."



मग बोडीतली मासोळी घरी आली की बाई आधी एकेकीचे डोळे बघायची. नव्वदीतही, चष्मा लावून. आम्हाला वाटायचं, ताजी आहे का बघते.

जायच्या आठ दिवस आधी तिने मला जवळ बोलावलं.

"नाई रांधली रे बाबू. बोडीत सोडली होती. वाटलं, उजेडात डोरे येतील."

"उजेडात डोळे येत नसतात, बाई! आणि तेव्हाच काऊन नाई सांगितलं?"

"तू बाबाले बोडी उपसायले लावली असती. मंग धानाले पाणी कुठलं?"

मी कपाळावर हात मारला.

"एकही आंधळी नाई भेटली रे," ती म्हणाली. "लय पाह्यल्या."

म्हणजे मी नुसता ओरडत राहिलो, आणि माझं प्रूफ ही बाई एकटी शोधत राहिली. काय म्हणावं आता!

परवा बोडीतली मासोळी आली. सूनबाईने विचारलं, "मामाजी, रांधू?"

म्हटलं, "थांब. आधी माझा चष्मा दे."

बाई, रागासकट नमस्कार.