निळ्या दिव्यापासून लाल दिव्यापर्यंत

समजा, तुम्ही गाडी चालवताय. जुलै महिना आहे, सूसामिरचं पठार मागे पडलंय आणि तोआशूचा चढ सुरू झालाय. पुढे कोळशाचा ट्रक धापा टाकत चाललाय, त्याला ओलांडायला जागा नाही. मागच्या सीटवर घरची माणसं बसलीत. इंजिन किती तापलंय हे तुम्हाला कळायला हवंय, म्हणून तुम्ही सुकाणामागच्या डॅशबोर्डच्या काचेवर नजर टाकता. सकाळी गाडी सुरू केली तेव्हा तिथे एक निळा दिवा होता. निळा म्हणजे इंजिन गार आहे. थोड्या वेळाने तो विझला. इंजिन प्रमाणाबाहेर तापलं तर तिथेच लाल दिवा लागेल. आत्ता तिथे काहीच नाही, नुसती काळी काच. मग सांगा, इंजिन मजेत आहे की उकळायला आलंय? गाडी बाजूला घ्यायची की चढवत राहायची?

बहुतेक जण चढवत राहतात. सैदाकमत आकेंनीही तेच केलं.

आके, म्हणजे आमच्या बोलीत थोरले भाऊ, तलासचे. बाजाराबाहेरच्या चौकात त्यांची टॅक्सी उभी असायची आणि गाडी पूर्ण रिकामी असली तरी ते ओरडायचे, “बिश्केक! बिश्केक! एकच जागा उरलीय!” एकदा एका म्हातारीने आत डोकावून विचारलं, “बाकीचे कुठायत रे?” आके म्हणाले, “आपा, ते लाजाळू आहेत, तुम्ही बसलात की येतील.” तलास ते बिश्केक या रस्त्यावर दोन मोठे घाट आहेत, ओत्मोक आणि माथ्यावर बोगदा असलेला तोआशू. मिशी फुटल्यापासून आके या दोन घाटांत गाडी चालवत होते.

त्यांची जुनी गाडी जर्मन होती, तपकिरी, त्यांच्या मुलीपेक्षा, मीरगुलपेक्षा वयाने मोठी. तिला तापमानाचा काटा होता, तेलाच्या दाबाचा होता, बॅटरीचाही होता. आके रस्त्याकडे जितकं बघायचे तितकंच त्या काट्यांकडे. तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर जरासा सरकला की ते भर उन्हाळ्यात हीटर पूर्ण सोडायचे. इंजिनाची उष्णता माणसांच्या अंगावर घ्यायची आणि इंजिनाला वाचवायचं, अशी ती जुनी युक्ती. प्रवासी बोंबलायचे. राजम्याची पोती घेऊन निघालेली एक जाडजूड बाई एकदा म्हणाली, “आके, मी इथे वितळले तर बिश्केकला माझ्या लेकीला काय बादलीतून देणार का मला?”

“बादली आहे डिकीत,” आके म्हणाले. “पण काटा खाली यायला लागलाय. तुमचं नशीब.”

त्यांची बायको, जूरा एजे, म्हणजे जूराताई, त्यांना या काट्यांवरून चिडवायची. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. ती म्हणायची, “मीरगुलचे बाबा, त्या काट्याकडे बघता तसं माझ्याकडे लग्नाच्या दिवशीही बघितलं नव्हतंत.”

“तुझा काटा कुठाय, दाखव, बघतो.”

“मला काटा कशाला? मी तापले की अख्ख्या गल्लीला कळतं.”

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच येऊन थांबतं. मरणाची बातमी आमच्याकडे कुणाला फोनवर किंवा वाटेत सांगत नाहीत. दूर असलेल्या मुलाला “वडिलांना जरा बरं नाहीये, ये” एवढंच कळवतात. तो घरी पोचला की वडीलधारे त्याला मध्ये बसवतात आणि मग सांगतात. ड्रायव्हरच्या घरात ही रीत आणखी कडक असते. सुकाणावर बसलेल्या माणसाला वाईट बातमी सांगायची नाही. आजारपण नाही, भांडण नाही, काही नाही. घाटात हात थरथरला तर सगळे दरीत.

आके या कामात तरबेज होते. बिश्केकहून कुणी पोरगा घाईघाईने तलासला निघाला, की त्याचे नातेवाईक आधी आकेंना बाजूला घेऊन सांगायचे, “आके, बाप गेलाय त्याचा. त्याला माहीत नाही.” आके मान हलवायचे. मग वाटभर त्या पोराला विनोद सांगायचे, सूसामिरला उतरवून घोडीचं आंबट दूध पाजायचे, आणि तो फारच अस्वस्थ झाला की म्हणायचे, “जरा बरं नाहीये, इतकंच. सावकाश जाऊ, घाई कशाला?”

नवी गाडी आली ती रशियात असलेल्या मुलाच्या हट्टाने. जपानी, उजव्या हाताला सुकाण असलेली, आतून दिवाणखान्यासारखी. मी काराबाल्ट्याला घाटाच्या पायथ्याशी गाड्यांच्या वायरिंगचं आणि तपासणीचं काम करतो. आके पहिल्याच फेरीत माझ्या गॅरेजसमोर थांबले आणि काचेवर बोट आपटत म्हणाले, “काटा कुठे गेला रे?”

“नव्या गाड्यांत काटा नसतो आके. दिवा असतो. गार असेल तर निळा, तापली तर लाल.”

“आणि मधे?”

“मधे सगळं ठीक असतं.”

“मधे म्हणजे अख्खा तोआशू आला की रे गाढवा!” ते म्हणाले आणि हसत निघून गेले. पुढच्या फेऱ्यांना त्यांना सवय झाली. माणसाला सवय होते. महिन्याभराने ते प्रवाशांना सांगत होते, “ही गाडी गप्प बसते. बायको अशी मिळायला हवी होती.”

त्या जूनमध्ये पॉप्लरच्या झाडांचा कापूस फार उडाला. तलासच्या रस्त्यांवर बर्फासारखा साचला होता. तो कापूस गाडीच्या नाकात शिरतो, रेडिएटरच्या जाळीत ओल्या लोकरीसारखा बसतो, आणि मग हवा आत जात नाही. सपाट रस्त्यावर काही कळत नाही. चढावर इंजिन हळूहळू, प्रत्येक वळणाला थोडं थोडं तापत जातं. जुन्या गाडीत काटा सरकला असता आणि आकेंनी ओत्मोकमध्येच उतरून जाळी धुतली असती. नव्या गाडीत निळा दिवा विझलेला होता, म्हणजे सगळं ठीक होतं.

जुलैत मीरगुल बिश्केकहून माहेरी आली. बाबांना म्हणाली, “पुढच्या आठवड्यात तुमच्या नातीच्या पायातला दोरा कापायचाय. आईला आधीच घेऊन जाते, तुम्हीच सोडा आम्हाला.” नात चालायला लागली होती. आमच्याकडे मुलाच्या पायांत काळा-पांढरा दोरा बांधतात आणि पोरांच्या शर्यतीत पहिला आलेला तो कापतो. आके खूश झाले. गाडी धुतली, पण बाहेरून.

दोरा कापायचा होता हे खरंच होतं. पण मीरगुल त्यासाठी आली नव्हती. तलासच्या डॉक्टरने जूरा एजेंचं हृदय तपासून मीरगुलला फोन केला होता की यांना ताबडतोब शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात न्या. रुग्णवाहिकेला एजेच नाही म्हणाल्या. “ती दारात आली तर तुझे बाबा तिच्या मागे गाडी घेऊन निघतील, घाटात, डोळ्यांत पाणी घेऊन. त्यापेक्षा तेच नेतील मला. त्यांच्याइतका घाट कुणाला येतो? काराबाल्ट्याला सपाटीवर उतरलो की सांगू.”

आकेंना यातलं काहीच माहीत नव्हतं, म्हणून ते सावकाश निघाले. ओत्मोक उतरल्यावर ओळखीच्या तंबूपाशी थांबले, दूध प्यायले, मेंढपाळाशी घोड्यांच्या गप्पा मारत बसले. मीरगुल दोनदा “चला ना बाबा” म्हणाली तर उलट तिलाच टोमणा, “शहरात राहून तुला बसायचंच विसरायला झालंय.” एजे गाडीतच होत्या. “पाय दुखतात,” म्हणाल्या.

तोआशूच्या अर्ध्या चढावर लाल दिवा लागला. लागला तेव्हा बॉनेटखालून वाफही निघत होती. आकेंनी गाडी कडेला घेतली, चाकामागे दगड लावला, बॉनेट उघडलं. ड्रायव्हरला यात घाबरण्यासारखं काही नसतं. गार होईपर्यंत थांबायचं, मग पाणी घालायचं. घाटात ओळखीची माणसं थांबतातच. एक जण थांबला, म्हणाला, “आके, एजेंना आणि मीरगुलला मी घेऊन जाऊ का पुढे?”

“तुझ्या गाडीत? बोगद्यात धक्का कोण मारेल, माझी बायको?”

तो हसत गेला. दुसरा थांबला, त्यालाही आकेंनी हात हलवून पुढे पाठवलं. मीरगुल म्हणाली, “बाबा, जाऊ दे ना आम्हाला.”

“कशाला? मी एकटा इथे मेंढरं मोजू?”

मीरगुलने मला नंतर सांगितलं की त्या वेळी आईने तिचं मनगट घट्ट धरलं होतं. आई हळूच म्हणत होती, “राहू दे. अजून यायचंय त्यांना घाट उतरून.” मग ती पकड सैल झाली, ओठ निळसर दिसले आणि मीरगुल किंचाळली, “बाबा, आईला हॉस्पिटलात न्यायचंय! दोरा वगैरे काही नाही, हृदयाचं दुखणं आहे तिला!”

आके आधी हसले. पोरगी कंटाळून बहाणा करतेय असं त्यांना वाटलं. मग त्यांनी मागचं दार उघडून बायकोकडे पाहिलं.

त्यानंतर आलं ते वाहन गवताचा ट्रक होता. ड्रायव्हरशेजारी दोन जणींपुरतीच जागा होती. आके टपावरच्या गवतावर चढायला गेले, तर एजेंनी नको म्हणून मान हलवली आणि गाडीकडे बोट केलं. शेवटी दोघी गेल्या आणि आके वाफ सोडणाऱ्या इंजिनाशेजारी उभे राहिले. फोनला तिथे रेंज नसते. पाणी उकळत असताना झाकण उघडलं तर हात भाजतो, हे ते आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आले होते. त्यांनी ते उघडलं. उजव्या हातावर अजून डाग आहे.

इंजिन चालू झालं तसे ते चढले. वर बोगद्याच्या तोंडाशी पहारेकऱ्याची खोली आहे. पहारेकरी जुना ओळखीचा. त्याने काठी आडवी करून गाडी थांबवली, काचेपाशी वाकला आणि म्हणाला, “सैदाकमत, तो ट्रक पुढे गेला. एजेंना जरा बरं नाहीये म्हणे. तू सावकाश जा हं, घाई कशाला?”

हे शब्द आकेंचे होते. कुठल्या वेळी वापरायचे तेही त्यांनाच सगळ्यात जास्त ठाऊक होतं. त्यांनी काही विचारलं नाही. “बरं,” म्हणाले, आणि बोगद्यात गाडी घातली. पलीकडचा तो सगळा उतार, एकेक वळण घेत, त्यांनी खरंच सावकाश उतरवला. काराबाल्ट्याला माणसं वाट बघत होती. आकेंना मध्ये बसवून सांगायची गरज पडली नाही.

एजेंच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर ते माझ्या गॅरेजमध्ये आले. खुर्ची दिली तर बसले नाहीत.

“मला एवढंच सांग,” ते म्हणाले, “लाल लागायच्या आधी ती कुठपासून तापत होती?”

मी पुढचं आवरण काढून रेडिएटर दाखवला. जाळीत कापसाचा राखाडी नमदा, दाबलेल्या लोकरीसारखा जाड थर, तयार झाला होता. मग मी तपासणीचं यंत्र सुकाणाखाली जोडलं आणि इंजिन चालू केलं. पडद्यावर तापमानाचा आकडा आला. तो बदलत होता, एकेका अंशाने वर.

आके वाकून बघत राहिले. “हा आकडा तुझ्या यंत्रात आहे की गाडीत?”

“गाडीत. तिच्या संगणकाला सतत कळत असतं.”

“म्हणजे त्या दिवशीही?”

“हो.”

“ओत्मोकलाही?”

“हो, आके.”

“मग मला का नाही दाखवलं?”

मी शिकलो होतो ते सांगितलं. काटा जरा हलला की लोक घाबरतात, गाडी बंद करतात, उगाच गॅरेजला येतात. म्हणून कंपन्यांनी आधी काटा मधेच स्थिर ठेवला, थोडं वर-खाली झालं तरी हलायचा नाही. मग बऱ्याच गाड्यांतून तो काढूनच टाकला. चालवणाऱ्याने घाबरू नये म्हणून.

“घाबरू नये म्हणून,” आके म्हणाले. मीरगुलही त्यांना हेच म्हणाली होती. तिच्यावर ते एकदाही ओरडले नाहीत. ओरडणार कसे? तिला ही रीत त्यांनीच शिकवली होती.

मी म्हणालो, “आके, एक छोटा पडदा येतो. कायमचा बसवून देतो. आकडा सतत समोर राहील.”

“आता काय करू त्याचं?”

गाडी त्यांनी तिथेच माझ्याकडे सोडली आणि मीरगुलच्या घरी राहायला गेले. आता ते सुकाणावर बसत नाहीत. नातीला हाताला धरून अंगणात फिरवतात, बाजारातून भाकरी आणतात. लोक त्यांच्याशी आता कुठल्याही गोष्टी बोलतात, कोण आजारी, कोण गेलं, सगळं त्यांच्या तोंडावर सांगतात. ते ऐकून घेतात.

परवा मी त्यांना भेटायला गेलो. चहा झाला. मीरगुल आत गेल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. म्हणाले, “डॉक्टर म्हणतो, तिला वसंतापासूनच छातीत दुखत असणार. मी रोज रात्री घरी जायचो. शेजारी झोपायचो. घरात काही सुकाण नव्हतं हातात.” मग त्यांनी भाजलेल्या हातावरून अंगठा फिरवला.

“तू शिकलेला आहेस, तूच सांग. मी शाळेत शिपाई असतो, किंवा राजमा पिकवत असतो, तर तिने मला सांगितलं असतं का रे?”