सुनेची मुलाखत माझ्या कानात

माझ्या सुनेला मुलाखतीत तोंड उघडता आलं नाही, असं आमच्या घरात आणि तिच्या माहेरी पक्कं ठरून गेलं होतं. ते खोटं आहे. खरं काय झालं ते मला एकट्याला माहीत होतं, आणि मी वर्षभर गप्प बसलो.

सून बीएस्सी, बीएड. लेकरं, घर, आम्ही दोघं म्हातारी, यात तिची नोकरी राहून गेली. शहरातल्या मुलांना घरी बसून लॅपटॉपवर गणित शिकवायचं काम एका कंपनीत निघालं, तेव्हा ती पहिल्यांदाच स्वतःसाठी काही मागत मला म्हणाली, "मामा, मला हे करायचंय." मुलगा त्याच्या खताच्या दुकानात अडकलेला, म्हणून लॅपटॉप घ्यायला वडवणीहून बीडला तिच्यासोबत मी गेलो.

तिने लॅपटॉप उचलून चारही कडा पाहिल्या. "याला इअरफोनची पिन लावायला भोक न्हाई का?"

"पातळ मॉडेल आहे ताई. आता सगळं वायरलेस," दुकानदार म्हणाला.

"मला वायरीचाच बरा, मधीच तुटत न्हाई. आमच्याकडं बाजाराच्या दिवशी नुसते भोंगे चालू असतेत, कानात घातल्याबिगर काय ऐकू येणार?"

मी सगळ्यांसमोर हसलो. "अगं, वायरीचा जमाना गेला. मी एवढा म्हातारा, माझ्या कानात वायर हाय का?" मला कमी ऐकू येतं. कानातली नवी मशीनं मी बोटाने दाखवली. दुकानदारही हसला. ती खाली बघत म्हणाली, "द्या मग हाच."

मशीनवाल्याने मला सांगितलं होतं, की ही मशीनं लॅपटॉपलाही जोडता येतात. एका दुपारी सून बाहेर गेली असताना, तिला न विचारता, मी जोडून पाहिली. लॅपटॉपवर लावलेलं कीर्तन थेट माझ्या कानात! शेजारी बायको भेंडी चिरत होती, तिला टाळाचा आवाजसुद्धा येईना. मला फार मौज वाटली. लॅपटॉप होता तसा ठेवून दिला. तो माझी मशीनं लक्षात ठेवील, हे डोक्यातही आलं नाही.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी तिने आपले बिनवायरीचे इअरफोन लावून आवाज तपासला. तेव्हा माझी मशीनं चार्जिंगच्या डबीत होती. जेवण झाल्यावर मी ती कानात घातली आणि ओसरीवर जाऊन बसलो. ती आत, खिडकीजवळ मुलाखतीला बसली.

एकदम माझ्या डोक्याच्या आत एक बाई बोलली, "नमस्कार. आवाज येतोय ना?"

ओसरीवर कुणी नव्हतं. रस्त्यावर एक म्हैस आणि तिच्यामागे तिचा मालक, तो तर मुका. मला भास व्हायला लागले की काय? थोरल्या भावाला झटका आला त्या दिवशी तोही असाच भिंतीकडे बघून कुणाला तरी उत्तरं देत होता.

"ताई, अपूर्णांक मुलांना पहिल्यांदा कसा शिकवाल?" बाईने विचारलं.

मी जीव खाऊन ओरडलो, "कोण हाय गं तिकडं? कावून माझ्या कानात बोलायलीस?"

बाई थांबली. मग एक पुरुष हळूच म्हणाला, "घरात कुणीतरी भडकलंय वाटतं." आणि बाई पुन्हा, "ताई, सगळं ठीक आहे ना?"

मी ओरडलेलं त्यांना ऐकू गेलं होतं. मी धडपडत उठून खिडकीपाशी गेलो. सून लॅपटॉपच्या पडद्याकडे बघून हसत होती, कानाला हात लावून खुणा करत होती. मग तिने खणातून मोबाइलचे जुने वायरीचे इअरफोन काढले, आणि पिन हातात धरून लॅपटॉपच्या कडा चाचपू लागली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. पिन घालायला जागाच नव्हती.

तेव्हा मला कळलं, लॅपटॉपने तिचे इअरफोन सोडून माझी मशीनं धरली होती. "अगं, ते माझ्या कानात बोलायलेत," एवढंच म्हणायचं होतं. माझी जीभ उचलेना.

"घरी अडचण दिसते यांच्या," तो पुरुष म्हणाला. "पुढच्यांना घ्या."

मी मशीनं उपटून मुठीत धरली. संध्याकाळी कंपनीचा नकार आला.

"घरात तर बरी चुरूचुरू बोलतीस," बायको म्हणाली. "तिथं काय झालतं?"

"मुक्यावाणी बसली असंल," मुलगा म्हणाला. "बीएड करून काय उपयोग?"

"आवाजच आला न्हाई हो," ती एकदाच म्हणाली. कुणी मानलं नाही. माझ्या कानात मशीनं होती, मला सगळं ऐकू येत होतं, आणि दुकानातलं माझं हसणंही आठवत होतं. मी भाकरी कुस्करत राहिलो.

लॅपटॉपला ते भोक असावं की नसावं यावर हल्ली लोक वाद घालतात. वायरीचा गुंता होतो, लॅपटॉप जाड होतो, सगळं खरं. पण वायर ओढत गेलं की दुसरं टोक कुणाच्या कानात आहे ते सापडतं. त्या दिवशी ते सापडलं असतं, तर माझं पाप तिथंच उघडं पडलं असतं.

मागच्या आठवड्यात शेजारीण सुनेला विचारायला आली, की माझ्या लेकीची मुलाखत आहे, तिला चार गोष्टी सांग. सून म्हणाली, "मी काय सांगू? मला आयत्या वेळी तोंडच उघडता आलं न्हाई." मी हादरलो. आमचं खोटं आता तीही खरं मानायला लागली होती.

शेजारीण गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हे तुमच्या लेकाला सांगा. आन् माझ्या माहेरी तुमीच फोन करायचा."

दोन्ही केलं. मुलगा एवढंच म्हणाला, "अण्णा, वर्षभर?" तिच्या वडिलांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी चहाचा कप माझ्यासमोर ठेवून ती तिथंच उभी राहिली.

"मामा, त्या बाईनं प्रश्न काय विचारला होता?"

मी सांगितला.

ती लगेच म्हणाली, "चार लेकरं गोल बसवायची आन् मधी तीनच पेरू ठेवायचे. मी गप्प बसायचं. भांडतील, रडतील, मग वाटून घ्यायला लागतील. तेव्हा मी तोंड उघडणार."